खान्देशातल्या अप-डाऊनवाल्यांचे प्रश्न: मेमू, नव्या लाईनी, नवी स्टेशनं

पाचोरा ते जळगाव अप-डाऊन करता करता माझी सतरा वर्षं गेली. या काळात शेजारच्या सीटवरून, तिकीट खिडकीच्या रांगेतून आणि हल्ली मोबाईलवरून तेच तेच प्रश्न येत राहिले. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे, अमळनेर, नंदुरबार या पट्ट्यात नोकरी-शिक्षणासाठी रोज गाडी धरणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

आपल्याकडे लोकल नाही. मग लोकलसारख्या सुधारणांची चर्चा आपण का करायची?

आपण लोकलसारखंच जगतो म्हणून. जळगाव ते भुसावळ २४ किमी आहे, म्हणजे मुंबईतल्या कुर्ला-डोंबिवलीइतकंसुद्धा नाही. पाचोरा ते जळगाव पन्नासच्या आत आणि चाळीसगाव ते जळगाव साधारण ९२. विद्यापीठ, कोर्ट, एमआयडीसी, डाळ मिल, दवाखाने, भुसावळचं रेल्वेचं काम आणि दीपनगरचं वीज केंद्र यांच्यासाठी हजारो लोक सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. कागदोपत्री हा उपनगरी विभाग नाही, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही. उपनगरी विभागात वेळापत्रक रोजच्या प्रवाशाला धरून आखतात. आपल्या लाईनवर आधी लांब पल्ल्याच्या गाड्या बसवतात आणि उरलेल्या फटीत आपली गाडी घालतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथे आहे.

मेमू आणि जुनी पॅसेंजर, फरक नेमका कशात?

जुन्या पॅसेंजरला पुढे एक इंजिन असायचं आणि मागचे डबे नुसते ओढले जायचे. मेमूत इंजिन वेगळं नसतं. मोटर डब्यातच बसवलेली असते आणि एका मोटर डब्यामागे तीन साधे डबे असा चारांचा संच असतो. असे दोन संच जोडले की आठ डब्यांची गाडी, तीन जोडले की बारा डब्यांची. ओढण्याची ताकद गाडीभर विभागलेली असल्यामुळे मेमू थांब्यावरून झपकन उठते आणि थांबतेही पटकन.

जळगाव ते चाळीसगावमध्ये शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी असे नऊ थांबे आहेत. दर थांब्यामागे एक मिनिट वाचलं तरी नऊ मिनिटं झाली. लेटमार्क लागणं आणि न लागणं यात एवढंच अंतर असतं, हे ज्याने हजेरीची वही पाहिली आहे त्याला सांगायला नको.

दुसरा फायदा शेवटच्या स्टेशनावर होतो. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, त्यामुळे चालक या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला की गाडी परत निघायला तयार. जुन्या गाडीचं इंजिन सोडायचं, दुसऱ्या लाईनने फिरवून आणायचं, पुन्हा जोडायचं आणि ब्रेक तपासायचे, यात बराच वेळ आणि एक लाईन अडकून पडायची. चाळीसगाव-धुळे शाखेवर हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण तिथे गाडी दिवसभर त्याच ५६ किमीवर मागेपुढे करते.

नव्या थ्री-फेज मेमूत ब्रेक लावताना वीज परत तारेत जाते, डब्यांत कॅमेरे असतात आणि पुढच्या स्टेशनचं नाव पाटीवर दिसतं. ताशी ११० किमीपर्यंत ती पळू शकते. अर्थात पुढचा सिग्नल हिरवा असेल तर.

मेमूत जागा कमी वाटते. भास आहे का?

भास नाही. मेमूची रचना उभ्या प्रवाशाला धरून केलेली आहे. दारं रुंद, मधली वाट मोकळी आणि सामान ठेवायला फळ्या कमी. अर्धा-पाऊण तासाच्या प्रवासाला हे सोयीचं पडतं. पण आपल्याकडे हीच गाडी भुसावळहून इगतपुरीपर्यंत जाते, त्यामुळे लांबचा माणूस आणि जवळचा माणूस एकाच डब्यात येतात आणि दोघांचीही अडचण होते. उपाय डबे वाढवण्यात आहे. आठाच्या जागी बारा डबे ही मागणी म्हणूनच वारंवार करावी लागते.

संडास असतो का?

असतो, पण प्रत्येक डब्यात असेल असं धरून चालू नका. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर चढतानाच बघून घ्या.

नव्या लाईनी टाकल्या, तरी गाडी आऊटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, का उभी राहते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आपली लाईन कुठली आहे ते पाहा. मुंबई-हावडा आणि मुंबई-दिल्ली या दोन्ही दिशांच्या गाड्या भुसावळपर्यंत एकाच वाटेने येतात आणि तिथे फुटतात. एक वाट खंडव्याकडे जाते, दुसरी अकोला-बडनेऱ्याकडे. शिवाय सुरतेची लाईन जळगावला येऊन मिळते. म्हणजे जळगाव ते भुसावळ या २४ किमीत तीन दिशांची वाहतूक एकत्र होते. तिसरी आणि चौथी लाईन इथे आधी टाकली ती या कारणाने.

पण लाईन म्हणजे फक्त दोन स्टेशनांमधला रस्ता. गाडीला शेवटी प्लॅटफॉर्म लागतो. चार वाटांनी गाड्या आल्या आणि प्लॅटफॉर्म मोकळा नसेल, तर स्टेशनात शिरण्याचा होम सिग्नल लालच राहणार. त्यात सुरतेकडून आलेल्या गाडीला भुसावळकडे जाताना मनमाडच्या गाडीची वाट छेदावी लागली, तर दोघींपैकी एकीला थांबावंच लागतं. स्टेशनच्या तोंडाशी असलेली, गाडीला एका लाईनवरून दुसरीवर नेणाऱ्या काट्यांची ही जाळी सुधारल्याशिवाय मधल्या लाईनी कितीही वाढवल्या तरी पूर्ण फायदा मिळत नाही.

तिसरं कारण अग्रक्रमाचं. मागून राजधानी, दुरंतो किंवा गीतांजली येत असेल तर कंट्रोलर मेमूला लूप लाईनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाईनवर, घेतो आणि मोठी गाडी पुढे काढतो. एक मोठी गाडी उशिरा धावत असेल तर ती नेमकी आपल्या वेळेत येते आणि आपल्याला बाजूला बसावं लागतं. तिचा उशीर आपल्या खात्यात जमा होतो. हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात एवढ्या वेळात तरी मेमूला वाट राखून ठेवायला हवी. नवी लाईन पूर्ण झाली की आपोआप आपल्याला वेळ मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये. मोकळी झालेली जागा जो मागतो त्याला मिळते, आणि मालवाहतूक व लांब पल्ल्याच्या गाड्यांची मागणी रोज टेबलावर असते.

जळगाव-मनमाडकडच्या लाईनीचं काय?

जळगाव-मनमाड हे १६० किमी. तिथल्या तिसऱ्या लाईनीचं भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या धुळे दौऱ्यात झालं. काम टप्प्याटप्प्याने होतं, म्हणजे एक तुकडा पूर्ण झाला की तपासणी, मग तो चालू, मग पुढचा तुकडा. चौथ्या लाईनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. त्याच निर्णयात भुसावळ-खंडवा १३१ किमीवर तिसरी आणि चौथी लाईन आहे. प्रयागराजकडची माणिकपूरची एक लाईन धरून तिन्ही कामांचा खर्च ७,९२७ कोटी रुपये ठरला. रावेर-सावद्याच्या लोकांनी खंडव्याच्या लाईनीकडे लक्ष ठेवावं. तिकडे आजही लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत.

ऑटोमॅटिक सिग्नल म्हणजे काय? त्याने गाड्या वाढतील का?

जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एका दिशेने एकच गाडी सोडता येते. पुढची गाडी म्हसावदला पोचल्याशिवाय मागची शिरसोलीहून निघणार नाही. ऑटोमॅटिक पद्धतीत मध्ये साधारण किलोमीटर-किलोमीटरवर सिग्नल असतात आणि पुढची गाडी सरकली की ते आपोआप बदलतात. त्यामुळे एकाच टप्प्यात गाड्या एकामागोमाग चालू शकतात. मुंबईची लोकल चालते ती यावर. नवी लाईन टाकण्यापेक्षा हे काम स्वस्त पडतं आणि लवकर होतं. म्हणून कुठे काय मागायचं हे ठरवताना नव्या लाईनीइतकाच जोर सिग्नलवरही द्यावा.

ब्लॉक घेतला, म्हणजे कामासाठी लाईन अडवली, की आमचीच गाडी रद्द का होते?

नवी लाईन जुन्या यार्डाला जोडताना सगळे काटे आणि सिग्नल काही दिवस हाताने चालवावे लागतात. त्या दिवसांत यार्डातून नेहमीपेक्षा कमी गाड्या जातात, म्हणून काही गाड्या वगळाव्या लागतात. लांबची गाडी वळवता येते, नाहीतर तिच्या हजारभर प्रवाशांचं आरक्षण परत करावं लागतं. मेमू रद्द केली तर कागदावर काहीच परत करावं लागत नाही. पासधारकाला त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. मग मेमू पहिली जाते.

कामाला माझा विरोध नाही, काम झालंच पाहिजे. पण गाडी रद्द करताना सकाळची एक आणि संध्याकाळची एक, एवढ्या दोन तरी अर्ध्या वाटेपर्यंत चालवता येतात. पाचोऱ्यापर्यंत किंवा चाळीसगावपर्यंत चालवून तिथून परत फिरवायची. मेमू कुठूनही फिरते, हा तिचा गुण अशा वेळीच वापरायला हवा.

स्टेशनं सुधारण्याच्या अमृत भारत योजनेत खान्देशातली कुठली स्टेशनं आहेत?

भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, धुळे, अमळनेर, धरणगाव, रावेर आणि सावदा ही नावं यादीत आहेत. त्यांपैकी धुळे आणि सावदा पूर्ण होऊन २२ मे २०२५ रोजी देशभरातल्या १०३ स्टेशनांबरोबर त्यांचं उद्घाटन झालं. त्या दिवशी महाराष्ट्रातली १५ स्टेशनं होती.

दर्शनी भाग छान झाला. त्याचा आम्हाला उपयोग काय?

दर्शनी भागाचा फारसा नाही. मला स्वतःला या योजनेतली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते आणि ती फोटोत दिसत नाही. ती म्हणजे उंच प्लॅटफॉर्म.

योजनेच्या नियमात सगळ्या स्टेशनांवर रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचा आणि साधारण ६०० मीटर लांबीचा प्लॅटफॉर्म द्यायचा आहे. आपल्या कितीतरी लहान थांब्यांवर प्लॅटफॉर्म इतका खाली असतो की गाडीच्या पायऱ्यांना लोंबकळत उतरावं लागतं. एका पावसाळी संध्याकाळी अशाच एका थांब्यावर माझ्या पुढची आजी टोपलीसकट खाली गेली. टोपलीतली गवार रुळावर सांडली, आजीच्या हाताचं हाड मोडलं. गाडी दोन मिनिटंच थांबते, त्यात वीस माणसं उतरणार आणि तीस चढणार. उंच प्लॅटफॉर्म असेल तर हीच दोन मिनिटं पुरतात. नसेल तर गाडी लेट होते, आणि गाडी लेट होते म्हणून चालक घाई करतो. म्हणजे प्लॅटफॉर्मच्या उंचीचा संबंध थेट वेळेशी आहे.

पुलाचंही तसंच. योजनेत १२ मीटर रुंदीचे पादचारी पूल आहेत. पण पूल प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला आणि जनरल डबे दुसऱ्या टोकाला असतील तर माणूस रुळ ओलांडतोच. स्थानिक लोकांनी नकाशे पाहून पुलाची जागा आधीच सांगितली पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर सांगून काही होत नाही.

आणि सावली हवी. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. प्लॅटफॉर्मवर पत्र्याची शेड फक्त मधल्या भागात असते आणि जनरल डबे, महिला डबा नेमके उन्हात येऊन थांबतात. शेड शेवटपर्यंत न्या, एवढं साधं मागणं आहे.

उन्हाळ्यात गाड्या मंद का चालतात?

लोखंड तापलं की वाढतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तापमान ४० अंशांनी वाढलं, तर तो जवळपास अर्धा मीटर लांब होईल. पण हल्लीचे रूळ जोडून अखंड केलेले असतात आणि स्लीपर व खडीने जखडलेले असतात. त्यांना लांब व्हायला जागा नसते, म्हणून आतल्या आत ताण साठतो. कुठे खडी कमी असेल किंवा नुकतंच काम झालेलं असेल तर रूळ बाजूला वाकू शकतो. म्हणून भर दुपारी काही टप्प्यांवर वेग कमी ठेवतात आणि गँगमन चालत लाईन तपासत राहतात. हवेपेक्षा रूळ कितीतरी जास्त तापतो. त्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून हातोडी घेऊन चालणाऱ्या माणसाला खिडकीतून पाणी द्यायला मिळालं तर जरूर द्या. त्या वेळी गाडी दहा मिनिटं लेट झाली तर मी कुरकुर करत नाही.

सुरत लाईन दुहेरी झाली, तरी जळगावला मेळ का जमत नाही?

तापी खोऱ्यातली ही लाईन १९०० च्या सुमाराला आली आणि शंभरहून जास्त वर्षं एकेरी राहिली. नंदुरबारच्या प्रवाशाने क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, थांबण्यात आयुष्य घालवलं, असं जुनी माणसं सांगतात. उधना-जळगावचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ ला ते अधिकृतपणे देशाला अर्पण झालं. त्याच दिवशी भुसावळ-बांद्रा खान्देश एक्सप्रेस सुरू झाली. क्रॉसिंगचा त्रास गेला.

मेळ न जमण्याचं कारण वेगळं आहे. जळगाव स्टेशन मध्य रेल्वेचं आणि पाळधीपासून पुढे पश्चिम रेल्वे. एका खान्देशाचे असे दोन मालक. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारची वेळापत्रकं मुंबई सेंट्रल विभाग आखतो आणि चाळीसगाव-पाचोऱ्याची भुसावळ विभाग. अमळनेरहून येऊन पाचोऱ्याला जाणाऱ्याची गाडी जळगावला पाच मिनिटांनी चुकते, कारण दोन्ही वेळापत्रकं एकाच टेबलावर ठेवून कुणी पाहिलेली नसतात. तक्रार करताना दोन्हीकडे करावी आणि त्यात गाडीचे दोन्ही नंबर लिहावेत. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथे गाडी कुणाची आणि मागणी कुणाकडे, हा घोळ आणखी वाढतो.

धुळ्याचं टोक कधी सुटणार?

धुळे आज शेवटचं स्टेशन आहे. गाडी चाळीसगावहून येते आणि परत फिरते. एकेरी लाईन असल्यामुळे फेऱ्यांना मर्यादा येते. मुंबईसाठी थेट गाडी मिळाली हे चांगलं झालं. खरा बदल मनमाड-इंदूर लाईनीने होईल. ती ३०९ किमीची, १८,०३६ कोटींची आणि ३० नव्या स्टेशनांची. मंजुरी २ सप्टेंबर २०२४ ची, आणि पूर्ण करण्याचं उद्दिष्ट २०२८-२९. तिच्यातला बोरविहीर-नरडाणा हा सुमारे ५० किमीचा तुकडा आधीच हाती घेतलेला आहे. तो झाला की धुळं नरडाण्याला सुरत लाईनशी जोडलं जाईल. शिरपूर, शिंदखेडा, नरडाणा एमआयडीसीतल्या पोरांना धुळ्याला रेल्वेने येता येईल. आज त्यांना एसटी आणि काळी-पिवळीशिवाय मार्ग नाही.

माझी काळजी एवढीच की ही लाईन मालगाड्यांसाठी म्हणून आखली जाईल आणि लहान स्टेशनांवर थांबणारी मेमू नंतर बघू म्हणून मागे राहील. धुळेकरांनी आत्ताच मेमूच्या फेऱ्या मागाव्यात.

पी.जे. परत येणार का?

पाचोऱ्यात हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज अजून हलतो. पाचोरा-जामनेर ही ५६ किमीची नॅरोगेज, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी ती हळूहळू जायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, ती थांबलीच. आता ती ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे, एकूण ८४ किमी. बोदवड भुसावळ-बडनेरा लाईनवर आहे, म्हणजे पाचोऱ्याहून विदर्भाकडे जायला भुसावळला वळसा न घालता एक वाट तयार होईल. जामनेर-शेंदुर्णीच्या विद्यार्थ्यांचं भाडं मात्र आजच एसटीत जातंय. तोवर पाचोऱ्याहून मेमूच्या वेळेला जुळणारी एसटी मागणं हा जवळचा उपाय आहे आणि त्याला रूळ टाकावे लागत नाहीत.

पास जळगाव ते नाशिक का मिळत नाही?

मासिक पासाची मर्यादा १५० किमी आहे. चाळीसगाव ते नाशिक रोड साधारण १४० म्हणून मिळतो. जळगाव ते नाशिक रोड २३० च्या पुढे जातं, म्हणून नाही. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट पडतो, म्हणजे तीन महिन्यांत थोडे पैसे वाचतात. सुपरफास्टने जायचं असेल तर पासावर वेगळा अधिभार भरावा लागतो. पास घेऊन आरक्षित डब्यात बसू नका. डब्यात जागा दिसली तरी दंड होतो.

तिकीट दहाचं की तीसचं?

दहाचं. कोरोनानंतर पॅसेंजर-मेमूला एक्सप्रेसचं भाडं लागत होतं, त्यामुळे कमीत कमी तीस रुपये जायचे. २७ फेब्रुवारी २०२४ पासून जुनं साधं भाडं परत आलं. १ जानेवारी २०२५ पासून गाड्यांच्या नंबरातला पहिला शून्यही गेला. साध्या भाड्याच्या मेमूचा नंबर आता सहाने सुरू होतो, त्यावरून ओळखा. पण त्याच वेळी एक्सप्रेस आली म्हणून साध्या तिकिटावर तिच्यात चढू नका. १ जुलै २०२५ च्या भाडेवाढीत पासाला हात लावला नव्हता.

तिकीट मोबाईलवर काढायचं तर १ जुलै २०२५ ला आलेलं रेलवन ॲप आहे. त्यातल्या आर-वॉलेटने पैसे भरले तर ३ टक्के वाचतात. खिडकीवरची रांग टाळायला हा सगळ्यात सोपा मार्ग.

केळीच्या गाड्यांमुळे आपल्याला उशीर होतो का?

थोडा होत असेल. पण तो उशीर मला जड वाटत नाही. रावेर-सावद्याची केळी दोन दिवसांत दिल्लीच्या बाजारात पोचली नाही तर शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. माझ्या ऑफिसातली निम्मी माणसं केळीच्या पैशावर शिकलेली आहेत. केळी आणि मेमू यांच्यात निवड करायची वेळ येऊ नये, म्हणूनच नव्या लाईनी हव्या आहेत.

कवच म्हणजे काय?

चालकाने लाल सिग्नल ओलांडला किंवा वेग जास्त ठेवला तर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी आपल्या देशात बनलेली यंत्रणा. रुळांमध्ये बसवलेल्या पट्ट्या, स्टेशनवरचा रेडिओ आणि इंजिनातला संगणक एकमेकांशी बोलत राहतात. तिची ४.० ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली. धुक्यात आणि पावसात तिचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

गाडीत धूर दिसला किंवा आग लागल्याची आरोळी उठली तर?

हे उत्तर कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. २२ जानेवारी २०२५ ला परधाडे आणि माहेजीच्या मध्ये पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, लोक खाली उतरले आणि शेजारच्या लाईनवरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. किमान १२ जणांचा जीव गेला. तो पट्टा मी रोज ओलांडते. तिथून जाताना अजूनही डब्यात दोन मिनिटं कुणी बोलत नाही.

ब्रेक घासले की चाकाजवळून धूर येतो आणि जळका वास सुटतो. बहुतेक वेळा ते एवढंच असतं. आधी डब्यातच दुसरीकडे सरका, १३९ ला फोन करा, तिकीट तपासनीस किंवा गार्डला गाठा. उतरणं खरंच भाग असेल तर दुसरे रूळ नसलेल्या बाजूनेच उतरा आणि लाईनपासून लांब व्हा. आता लाईनी तीन-चार होत आहेत, म्हणजे मधल्या लाईनवर उभ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना रूळ असणार. अशा वेळी उतरू नका.

महिला डबा कुठे येतो?

ठरलेल्या जागी येत नाही, हीच तर अडचण आहे. गाडी फिरून आली की पुढचा डबा मागे जातो. प्लॅटफॉर्मवर डब्याची जागा दाखवणारी पाटी लावणं हे काही शे रुपयांचं काम आहे. रात्री उशिराच्या गाडीला एकट्या असाल तर १३९ वर आधीच कळवून ठेवता येतं. मी दोनदा कळवलं, दोन्ही वेळा पुढच्या स्टेशनावर पोलीस बाई येऊन विचारून गेल्या.

मागणी करायची तर कुठे, कशी?

भुसावळला मंडल रेल्वे प्रबंधकांचं कार्यालय आहे. त्यांच्याबरोबर प्रवाशांची सल्लागार समिती बसते. आपल्या तालुक्यातून तिच्यावर कोण आहे ते शोधा. सुरत लाईनसाठी पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागाला लिहा. खासदारांना प्रत द्या.

“गाड्या वाढवा” असं लिहिलं तर “विचार करू” असं उत्तर येतं. आमच्या डब्यातल्या बायकांनी एक वही केली. तिच्यात तारीख, गाडीचा नंबर, पाचोऱ्याहून सुटायची वेळ, सुटली ती वेळ, जळगावला पोचली ती वेळ, आणि मध्ये कुठे किती मिनिटं थांबली, एवढंच लिहायचं. तीन महिने लिहिलं. त्यातून कळलं की उशीर सगळीकडे होत नाही, शिरसोलीच्या पुढे एकाच ठिकाणी होतो, आणि तोही मंगळवार-शुक्रवारीच जास्त. मग अर्जात एवढंच लिहिलं की या दोन दिवशी मेमूला शिरसोलीच्या पुढे न अडकवता आधी जळगावात घ्यावं. अर्ज एका पानाचा, सोबत वहीच्या झेरॉक्स. दुसऱ्या महिन्यात आम्हाला बोलावणं आलं आणि नियंत्रण कक्षातल्या साहेबांनी ती वही स्वतः चाळून पाहिली.

वही अजून चालू आहे. सध्या ती शेंदुर्णीच्या एका शिक्षिकेकडे असते, त्या पाचोऱ्याला चढतात. मधल्या डब्यात खिडकीजवळ त्यांना विचारा.